छेदात कोण आहे? गुडघेदुखी, वजन घटवण्याची शस्त्रक्रिया आणि एक ट्रायल

"आधी वजन कमी करा, मग गुडघ्याचं बघू." हाडांच्या डॉक्टरांच्या ओपीडीत हे वाक्य रोज कुणाला ना कुणाला ऐकावं लागतं. ऐकणाऱ्याचे दोन्ही गुडघे झिजलेले, जिना चढणं बंद, चार पावलं चाललं की कळ. मग चालल्याशिवाय वजन उतरवायचं कसं? अशा वेळी एक रस्ता सुचवला जातो: आधी वजन घटवण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरी, आणि वजन उतरल्यावर गुडघा बदलण्याचं ऑपरेशन.

हा क्रम खरंच फायद्याचा आहे का? या प्रश्नावरचा एक महत्त्वाचा पेपर आज आपण वाचणार आहोत. मिशेल डाउसी आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियात केलेली ही ट्रायल एप्रिल २०२२ मध्ये 'जामा नेटवर्क ओपन'मध्ये आली. पीएचडीच्या मुलाखतीत किंवा जर्नल क्लबमध्ये एखादा पेपर समोर ठेवून "याचं क्रिटिकल अप्रेझल करा" असं सांगतात, तेव्हा बरेच जण 'सॅम्पल लहान आहे, फॉलोअप कमी आहे' एवढं म्हणून थांबतात. ही वाक्यं कुठल्याही पेपरला चिकटवता येतात, म्हणून ती टीका होत नाही. हा पेपर निवडण्याचं कारण असं, की तो नीट केलेला आहे आणि तरीही त्याचा निष्कर्ष चुकीचा वाचणं फार सोपं आहे. सगळी गंमत एका गोष्टीत आहे: टक्केवारीच्या छेदात कोण आहे?

आधी पार्श्वभूमी

गुडघ्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणजे सांध्यातली कूर्चा झिजणं आणि तिच्यासोबत हाड, स्नायू आणि सांध्याचं अस्तर यांच्यातही बदल होत जाणं. आपल्याकडे सगळ्याच सांधेदुखीला 'संधिवात' म्हणतात, पण वाचताना फरक ठेवा. आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, हा रोगप्रतिकारशक्ती उलटल्यामुळे होणारा आजार आहे. वजन उतरल्यावर त्यातही सांध्यावरचा भार कमी होतो, पण त्याची औषधं वेगळी आणि अभ्यासही वेगळे. आजचा पेपर फक्त ऑस्टिओआर्थ्रायटिसवर आहे. त्याचा निष्कर्ष उचलून सगळ्या 'आर्थ्रायटिस'ला लावला, तर पहिल्याच पायरीवर घसरलात.

वजन आणि गुडघा यांचं नातं सरळ वाटतं, पण आकडा पाहिला की दचकायला होतं. स्टीफन मेसियर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये वजन जास्त असलेल्या १४२ ज्येष्ठांच्या चालण्याची मोजमापं प्रसिद्ध केली. वजन एक किलो उतरलं, की प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो, असं त्यातून दिसलं. दिवसाची पावलं मोजा आणि गुणाकार करा. वजन उतरल्यावर गुडघा का सुखावतो, ते कळेल. शिवाय चरबी ही नुसती ओझं नसते. ती दाह वाढवणारी रसायनं सोडते. म्हणूनच हातांच्या बोटांवर शरीराचा भार पडत नसूनही, लठ्ठपणा आणि बोटांच्या सांध्यांचा ऑस्टिओआर्थ्रायटिस यांचं नातं दिसतं.

आता सर्जनची बाजू. वजन खूप जास्त असेल तर गुडघा बदलल्यानंतर जखम उशिरा भरणं आणि सांध्यात जंतुसंसर्ग होणं यांचा धोका वाढतो. म्हणून 'आधी वजन उतरवा' हा सल्ला तर्काला धरून आहे. पण तर्काला धरून असणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं.

ट्रायल का लागली?

याआधी मोठमोठ्या डेटाबेसवरचे अभ्यास झाले होते. ज्यांनी आधी बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरी करून मग गुडघा बदलला, त्यांची तुलना थेट गुडघा बदलणाऱ्यांशी केली गेली. काहींत फायदा दिसला, काहींत नाही. असं का व्हावं?

कारण या दोन गटांतली माणसं मुळातच वेगळी असतात. बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरीपर्यंत पोचणारा माणूस सहसा जास्त लठ्ठ असतो, त्याला मधुमेह किंवा झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असण्याची शक्यता जास्त असते. म्हणजे तुलना त्याच्या विरोधात झुकते. उलट, तो दोन ऑपरेशनं झेपतील इतका धट्टाकट्टा असतो, त्याच्याकडे पैसा किंवा विमा असतो, डॉक्टरांचं ऐकण्याची तयारी असते. म्हणजे तुलना त्याच्या बाजूने झुकते. दोन्ही झुकाव एकाच वेळी काम करतात आणि शेवटी हाती आलेल्या आकड्यात कुणाचा वाटा किती, हे सांगता येत नाही. वय, लिंग, मधुमेह यांच्यासाठी आकडेमोडीत दुरुस्ती करता येते, पण जे मोजलंच नाही त्याची दुरुस्ती करायची कशी?

यावरचा उपाय म्हणजे चिठ्ठ्या टाकणं, अर्थात रँडमायझेशन. डाउसी यांच्या चमूने ते केलं. दोन ऑपरेशनांच्या क्रमावर चिठ्ठ्या टाकायला रुग्ण तयार करणं किती अवघड असतं, याचा विचार करा आणि मगच 'सॅम्पल लहान आहे' म्हणा.

काय केलं, काय मिळालं?

बीएमआय ३५ किंवा जास्त आणि गुडघा बदलण्याइतपत झिजलेला, असे ८२ रुग्ण घेतले. सरासरी वय ५८ च्या आसपास, सरासरी बीएमआय ४४ च्या आसपास, आणि ६६ जणी महिला. चिठ्ठी टाकून ४१-४१ चे दोन गट केले. एका गटाला आधी पोटावर सैल-घट्ट करता येणारा पट्टा बसवायचा, म्हणजे लॅप बँड, आणि नंतर गुडघा बदलायचा. दुसऱ्या गटाला नेहमीप्रमाणे थेट गुडघा बदलायचा. मुख्य मोजमाप एकत्रित होतं: वेगवेगळ्या गुंतागुंती एकाच टोपलीत टाकून, त्यातली एक तरी झाली का, एवढं मोजायचं.

निकाल असा. पट्टा-आधी गटात ४१ पैकी ६ जणांना गुंतागुंत झाली, म्हणजे १४.६ टक्के. थेट गुडघा गटात ४१ पैकी १५ जणांना, म्हणजे ३६.६ टक्के. फरक २२ टक्के-बिंदूंचा, ९५ टक्के विश्वास-अंतर ३.७ ते ४०.३, पी मूल्य ०.०२.

इथेच थांबलात तर मथळा तयार आहे: 'आधी वजन घटवा, गुडघ्याच्या ऑपरेशनमधला धोका निम्म्याहून कमी करा.' आता पुढचा आकडा वाचा. पट्टा-आधी गटातल्या ४१ पैकी फक्त २९ जणांनी गुडघा बदलून घेतला. १२ जणांनी त्रास कमी झाला म्हणून ऑपरेशन नको असं सांगितलं. दुसऱ्या गटात ३९ जणांनी गुडघा बदलला, नको म्हणणारे दोघेच.

लक्षात आलं का? ज्याने गुडघ्याचं ऑपरेशनच केलं नाही, त्याला त्या ऑपरेशनची गुंतागुंत होणार कशी? ते १२ जण छेदात आहेत, पण अंशात येण्याची त्यांना संधीच नव्हती.

मग छेद बदलायचा का?

हुशार विद्यार्थी इथे लगेच कॅल्क्युलेटर काढतो. काढा तुम्हीही. सगळ्या गुंतागुंती गुडघा बदललेल्यांनाच झाल्या असं धरू. मग एका बाजूला २९ पैकी ६, म्हणजे २०.७ टक्के. दुसऱ्या बाजूला ३९ पैकी १५, म्हणजे ३८.५ टक्के. फरक साधारण १८ टक्के-बिंदूंचा. साध्या सूत्राने विश्वास-अंतर काढलं तर ते उणे ३ पासून अधिक ३९ पर्यंत येतं. मधे शून्य आलं. म्हणजे फायदा नाहीच?

थांबा. जर्नल क्लबमध्ये टाळ्या मिळवणारी ही चाल आहे, पण ती चुकीची आहे.

चिठ्ठ्या टाकल्यामुळे ४१ विरुद्ध ४१ ही तुलना न्याय्य झाली होती. २९ विरुद्ध ३९ ही तुलना चिठ्ठ्यांनी केलेली नाही, रुग्णांच्या गुडघ्यांनी केली आहे. पट्टा-आधी गटातून जे १२ गळले ते कोण? ज्यांना बरं वाटलं ते. मागे उरलेल्या २९ मध्ये कोण जास्त असणार? ज्यांचं वजन फारसं उतरलं नाही, किंवा ज्यांचा गुडघा इतका खराब होता की वजन उतरूनही भागलं नाही. म्हणजे तुलनेने अवघड केसेस एका बाजूला गाळून राहिल्या. दुसऱ्या गटात असं गाळणंच झालं नाही. तिथल्या ३९ मध्ये सोप्या आणि अवघड अशा दोन्ही आहेत. आता या दोघांची तुलना करून 'फायदा नाही' म्हणणं, हे कच्चे आंबे एका टोपलीत आणि मिसळ आंबे दुसऱ्या टोपलीत ठेवून झाडांची परीक्षा घेण्यासारखं झालं.

म्हणून संशोधकांनी ४१ चा छेद ठेवला ते बरोबरच केलं. 'ज्याला ज्या गटात टाकलं, त्याला त्याच गटात मोजायचं' हे तत्त्व, म्हणजे इंटेन्शन टू ट्रीट, इथे पाळलं गेलं आहे. आकडा बरोबर आहे. प्रश्न असा, की तो आकडा कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे?

दोन प्रश्न वेगळे काढून लिहा. पहिला: 'वजन उतरवल्यावर गुडघ्याचं ऑपरेशन अधिक सुरक्षित होतं का?' दुसरा: 'आज दारात आलेल्या रुग्णाला आधी पोटाच्या शस्त्रक्रियेच्या रस्त्याने पाठवलं, तर एकूण गुंतागुंत कमी होते का?' ट्रायलने दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिलं, आणि ते 'हो, बहुधा' असं आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिने दिलं नाही आणि या रचनेत ती देऊही शकत नव्हती. पेपरचं शीर्षक मात्र गुडघा बदलल्यानंतरच्या गुंतागुंतींबद्दल बोलतं, त्यामुळे वाचणारा नकळत पहिल्या प्रश्नाकडे सरकतो. माझी मुख्य तक्रार ही आहे. आकड्यांबद्दल तक्रार नाही, शीर्षकाबद्दल आहे.

संख्याशास्त्रात याला हल्ली एस्टिमँड म्हणतात: नेमकं काय मोजायचं ठरलं आहे, कुणात, आणि मधेच कुणी वाट बदलली तर त्याचं काय करायचं. सिनॉप्सिस लिहिताना 'उद्दिष्टे' या सदरात हेच हरवतं. "परिणाम अभ्यासणे" एवढं लिहून आपण मोकळे होतो.

खरी बातमी १२ जणांची

माझ्या मते या पेपरमधला सगळ्यात मोलाचा आकडा ६ आणि १५ हा नाही. तो १२ आणि २ हा आहे. गुडघा बदलण्याच्या यादीत असलेल्या ४१ पैकी १२ माणसं, म्हणजे २९.३ टक्के, वजन उतरल्यावर म्हणाली की आता ऑपरेशनची गरज वाटत नाही. ज्यांना आपण 'शेवटच्या टप्प्यातला गुडघा' म्हणतो, त्यांच्यापैकी हे लोक. क्ष-किरणात दिसणारी झीज आणि माणसाला होणारी वेदना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यातून जितकं ठळक दिसतं तितकं पाठ्यपुस्तकातून कळत नाही. झिजलेली कूर्चा या काळात परत उगवली नाही. भार उतरला आणि दुखणं सोसण्याजोगं झालं.

पण जी काटेकोर नजर आपण मुख्य निकालाला लावली, तीच इथेही लावायला हवी. 'ऑपरेशन नको' हा एक निर्णय आहे. ते रक्तातल्या साखरेसारखं मोजमाप नाही. रुग्णाला माहीत होतं आपण कुठल्या गटात आहोत, डॉक्टरांनाही माहीत होतं. पोटाच्या एका शस्त्रक्रियेतून नुकत्याच गेलेल्या माणसाला लगेच दुसरी नकोशी वाटू शकते. शिवाय 'नको' म्हणजे कायमचं नको की सध्या नको? पाठपुराव्याचा मध्यक काळ दोन वर्षांपेक्षा थोडा जास्त होता. गुडघ्याचा आजार दशकांचा असतो. ऑपरेशन टळलं की पुढे ढकललं गेलं, हे सांगायला तेवढा काळ पुरत नाही. तरी ५८ व्या वर्षी होणारं ऑपरेशन ६५ व्या वर्षी झालं, तर तोही फायदाच. कृत्रिम सांध्यालाही आयुष्य असतं आणि तो पुन्हा बदलणं पहिल्यापेक्षा अवघड असतं.

निकाल किती ठिसूळ आहे?

आता 'सॅम्पल लहान आहे' हे वाक्य टीका म्हणून कसं वापरायचं ते बघा. पट्टा-आधी गटात ६ ऐवजी ७ जणांना गुंतागुंत झाली असती तर? साध्या काय-वर्ग चाचणीने पी ०.०४६ च्या आसपास येतं. ८ जणांना झाली असती तर? ०.०८ च्या पुढे. म्हणजे निकालाची 'सार्थता' दोन माणसांवर उभी आहे. दोन जखमा आठवडाभर उशिरा भरल्या असत्या, तर याच पेपरचा सारांश वेगळ्या सुरात लिहिला गेला असता.

आता विश्वास-अंतर पुन्हा वाचा: ३.७ ते ४०.३. खालच्या टोकाला फायदा इतका किरकोळ, की एका जादा शस्त्रक्रियेचा त्रास आणि खर्च त्यासाठी का सोसावा असा प्रश्न पडेल. वरच्या टोकाला तो इतका प्रचंड, की विश्वास ठेवणं जड जाईल. 'लहान सॅम्पल' म्हणजे हे: दिशा कळली, अंतर कळलं नाही.

एकत्रित टोपलीचंही तसंच. टोपलीत गंभीर आणि किरकोळ गुंतागुंती एकत्र असल्या की एकूण फरक कुठल्या घटकामुळे आला ते बघावं लागतं. रुग्णाला ज्याची धास्ती असते तो सांध्याचा जंतुसंसर्ग क्वचित होतो, आणि ८२ माणसांत क्वचित होणाऱ्या गोष्टीबद्दल काही ठामपणे सांगता येत नाही. असा पेपर हाती आला की घटकवार तक्ता आधी उघडा. आणि आणखी एक: पहिल्या शस्त्रक्रियेची गुंतागुंत कुठल्या खात्यात मांडली आहे? 'संपूर्ण रस्ता' सुरक्षित आहे असं म्हणायचं असेल, तर पोटाच्या शस्त्रक्रियेचे त्रासही त्याच हिशेबात घ्यायला हवेत.

पट्टा आता मागे पडला, आणि गोळ्यांचं काय?

या ट्रायलमधला पट्टा आज जगात फारसा बसवला जात नाही. आता जास्त होतात त्या स्लीव्ह, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून ते नळीसारखं करणं, आणि बायपास, म्हणजे जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडणं. या दोन्हींत वजन पट्ट्यापेक्षा जास्त उतरतं. म्हणून काही जण म्हणतात, पट्ट्याने इतका फायदा दिला तर बायपासने आणखी होईल. हा अंदाज अर्धाच बरोबर आहे, आणि दुसरा अर्धा सांधेदुखीच्या रुग्णासाठी फार महत्त्वाचा आहे.

गुडघेदुखीचा रुग्ण रोज काय घेतो? डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन. बायपासनंतर याच गोळ्या टाळायला सांगतात, कारण पिशवी आणि आतडं यांच्या जोडावर अल्सर होण्याचा धोका असतो. स्लीव्हनंतरही काळजी घ्यायला सांगतात. मग उरतं काय? पॅरासिटामॉल, वरून लावायचं जेल, फिजिओथेरपी, सांध्यातलं इंजेक्शन. त्यातही गुडघा बदलण्याची तारीख जवळ असेल तर साधारण तीन महिने आधीपासून स्टेरॉइडचं इंजेक्शन टाळतात, कारण जंतुसंसर्गाची भीती. म्हणजे दोन शस्त्रक्रियांच्या मधल्या काळात, वजन पुरेसं उतरेपर्यंत, रुग्णाच्या हातातली नेहमीची साधनंच काढून घेतली जातात. त्यात झपाट्याने वजन उतरताना स्नायूही घटतात, आणि मांडीच्या स्नायूंवरच गुडघा तोललेला असतो. ज्यांना गाउट आहे त्यांना शस्त्रक्रियेनंतरच्या सुरुवातीच्या काळात झटका येऊ शकतो. आमवाताच्या रुग्णांची नेहमीची औषधं कधी थांबवायची, कधी सुरू करायची, हे सर्जन आणि ऱ्हुमॅटॉलॉजिस्टने मिळून ठरवावं लागतं. रुग्णाने आपल्या मनाने ती बंद करणं घातक ठरू शकतं.

संशोधक म्हणून तुमच्यासाठी मुद्दा असा: बायपासवर अशी ट्रायल करायची, तर 'वेदना किती' हे एकटं मोजून भागणार नाही. वेदनाशामक कुठलं, किती, कधी बंद केलं, हेही दर भेटीत नोंदवावं लागेल. नाहीतर गोळी बंद झाल्यामुळे वाढलेलं दुखणं आणि वजन उतरल्यामुळे कमी झालेलं दुखणं एकमेकांत मिसळून जाईल आणि बेरीज शून्य दिसेल.

कंट्रोल गट नसेल तर?

या ट्रायलच्या शेजारी आणखी दोन अभ्यास ठेवून वाचा, म्हणजे तिची किंमत कळेल.

पहिला अमेरिकेतला लॅब्स-२. वेंडी किंग आणि सहकाऱ्यांचा पेपर, 'जामा', २०१६. बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरी झालेल्या २,२२१ जणांचा तीन वर्षं पाठपुरावा. ज्यांचे गुडघे आधी खूप दुखत होते, त्यांच्यातल्या ७७.१ टक्के लोकांना वर्षभराने ठळक फरक पडला. एकूण अंगदुखीत मात्र पहिल्या वर्षी ५७.६ टक्के लोकांना बरं वाटलं होतं, ते तिसऱ्या वर्षी ४८.६ टक्क्यांवर आलं. आकडे मोठे, काळ लांब, काम चोख. पण तुलनेला शस्त्रक्रिया न झालेला गट नाही. मग ७७ पैकी किती श्रेय शस्त्रक्रियेचं?

याचा अंदाज दुसऱ्या अभ्यासातून येतो. स्टेप-९ ही सेमाग्लुटाइड या इंजेक्शनची ट्रायल, 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन', २०२४. लठ्ठपणा आणि गुडघ्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस असलेले ४०७ जण, ६८ आठवडे. औषध गटाचं वजन १३.७ टक्क्यांनी उतरलं, प्लासिबो गटाचं ३.२ टक्क्यांनी. शंभरच्या मापावर वेदना औषध गटात ४१.७ ने कमी झाली. आणि प्लासिबो गटात? २७.५ ने. वजन जेमतेम उतरलं, खरं औषध नव्हतं, तरी वेदना इतकी कमी झाली. काही वाटा अपेक्षेचा, काही वाटा डॉक्टरांच्या लक्ष देण्याचा आणि सोबतच्या आहार-व्यायामाच्या सल्ल्याचा, आणि काही सरासरीकडे परतण्याचा: माणूस अभ्यासात येतो तो दुखणं शिगेला पोचल्यावर, आणि शिगेवरून खाली यायला अनेकदा फक्त वेळ लागतो.

शस्त्रक्रिया आणि इंजेक्शन एक नव्हे, त्यामुळे ७७ मधून थेट वजाबाकी करू नका. पण कंट्रोल गट नसलेल्या अभ्यासात 'दुखणं इतकं कमी झालं' असं वाचलं, की हा २७.५ आठवा. मग ८२ माणसांची, चिठ्ठ्या टाकून केलेली ट्रायल २,२२१ जणांच्या पाठपुराव्यासमोर का उभी राहते ते पटेल.

हे आपल्याकडे कसं लागू होईल?

तुम्हाला इथे असा अभ्यास करायचा असेल तर दोन अडचणी आधीच ओळखून ठेवा. एक, बीएमआयची रेघ. आशियाई लोकांत कमी बीएमआयलाच मधुमेहासारखे धोके सुरू होतात, म्हणून बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरीचे आजचे आंतरराष्ट्रीय निकष आशियाई रुग्णांसाठी २७.५ पासून तिचा विचार करू देतात. पण गुडघ्यावर पडतो तो किलोंचा भार. बीएमआय २९ च्या माणसात ४४ च्या माणसाइतका गुडघ्याचा फायदा होईल, असं गृहीत धरता येणार नाही. निकष एका आजारासाठी खाली आला म्हणून पुरावाही सोबत खाली येत नाही.

दोन, मोजपट्टी. गुडघ्याच्या अभ्यासांत वोमॅक नावाची प्रश्नावली सर्रास वापरतात. त्यात २४ प्रश्न आहेत: पाच वेदनेचे, दोन ताठरपणाचे, सतरा हालचालींचे. जिना, मोटारीत चढ-उतार, मोजे घालणं, बाथटब हे सगळं आहे. मांडी घालून बसणं नाही, उकिडवं बसणं नाही. आपल्याकडची रुग्ण विचारते, "खाली बसता येईल का?" आणि आपली मोजपट्टी त्यावर गप्प असते. प्रश्नावलीचं मराठी भाषांतर झालं म्हणजे ती आपली झाली, असं नसतं. जिला देवासमोर पाट मांडून बसता आलं नाही ती 'बरी' झाली की नाही, हे तिलाच विचारावं लागेल.

मग पेपर चांगला की वाईट?

चांगला. अवघड प्रश्नावर चिठ्ठ्या टाकण्याचं धाडस केलं, छेद प्रामाणिक ठेवला, गळालेल्यांचा आकडा लपवला नाही. तो आकडा सारांशातच दिलेला आहे, आपणच तो ओलांडून पी मूल्याकडे धावतो. कमतरता अशी, की शीर्षक आणि मुख्य मोजमाप ज्या प्रश्नाकडे बोट दाखवतात, उत्तर त्याच्या शेजारच्या प्रश्नाचं आहे. आणि तंत्र आता जुनं झालं आहे.

साहित्य-आढाव्यात या पेपरवर लिहायची वेळ आली, तर "बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरीमुळे गुडघारोपणातील गुंतागुंत कमी होते" असं लिहू नका. असं लिहा: "बीएमआय ३५ व त्याहून अधिक असलेल्या ८२ रुग्णांच्या एका यादृच्छिक ट्रायलमध्ये, आधी जठरपट्टा बसवण्याचा मार्ग घेतलेल्या गटात एकूण गुंतागुंत कमी आढळली, मात्र त्या गटातील २९ टक्के रुग्णांनी लक्षणे कमी झाल्याने गुडघारोपणच नाकारले, त्यामुळे घट किती अंशी टळलेल्या शस्त्रक्रियांमुळे आणि किती अंशी सुरक्षित झालेल्या शस्त्रक्रियांमुळे, हे वेगळे करता येत नाही." वाक्य लांब झालं, पण खरं झालं.

आता तुमचं काम. तुमच्या विषयातला एखादा रँडमाइझ केलेला पेपर घ्या. चर्चेचा भाग वाचू नका. रुग्णांचा प्रवाह दाखवणारी आकृती उघडा, आणि कागदावर प्रत्येक गटासमोर तीन आकडे लिहा: किती जणांना चिठ्ठी लागली, किती जणांना खरंच उपचार मिळाला, किती जणांचं मोजमाप झालं. तीन आकडे सारखे नसतील, तर मधे गळालेली माणसं कोण आणि का गळाली, ते एका वाक्यात लिहा. ते वाक्य लिहिता येईपर्यंत निष्कर्षाकडे वळू नका.